हरणदरीचा अंधाराचा तास

आधी एक सांगून ठेवते. मी शास्त्रज्ञ नाही, लाईनमन आहे. सरकारी कागदावर मला तंत्रज्ञ म्हणतात, गावात लाईनबाई म्हणतात, आणि लाईट गेल्यावर जे म्हणतात ते इथं लिहिता येत नाही. नाव दैवशाला मुंजाजी कऱ्हाळे. हिंगोली जिल्ह्यात डोंगराच्या पायथ्याला हरणदरी नावाचं आमचं गाव आहे. तिथल्या अकरा हजार व्होल्टच्या तारा चौदा वर्षांपासून माझ्याकडे आहेत. नवऱ्याचं नाव घ्यायला मी लाजत नाही, कारण रोज चार कागदांवर ते लिहावं लागतं.

आमच्या भागातली जमीन बोलते. अधूनमधून खालून गडगड ऐकू येतं, फळीवरची भांडी वाजतात, पत्रे थरथरतात. नवी सून असली की दचकून उठते. जुनी माणसं म्हणतात, "धरतीचं पोट गुडगुडायलंय, नीज." पण २०३९ च्या दिवाळीनंतर हे गुडगुडणं वाढलं, आणि त्याच्यासोबत डोंगरावर उजेड दिसायला लागला. कुणी म्हणालं निळा, कुणी म्हणालं पांढरा, सरपंचांच्या मेव्हण्याला तर त्यात घोडा दिसला. तो माणूस संध्याकाळी शुद्धीत नसतो, ते सोडा.

शहरातून तज्ज्ञ आले. दोन तास राहिले, चहा पिऊन गेले आणि अहवालात लिहिलं की धक्क्यानं विजेच्या तारा एकमेकींना घासतात, त्याच्या ठिणग्या लोकांना दिसतात. झालं! म्हणजे खापर माझ्या डोक्यावर. माझ्या तारा सैल, म्हणून आभाळात दिवाळी! माझं डोकंच फिरलं. वहीचं पान फाडून मी पत्र लिहिलं. ज्या दिवशी उजेड दिसला त्या दिवशी डोंगराकडं जाणाऱ्या तारेच्या शाखेवर सकाळपासून वीज नव्हती, दुरुस्ती चालू होती, रजिस्टर बघा. मेलेली तार ठिणगी कशी टाकते ते तज्ज्ञांनी मला येऊन शिकवावं, असंही खाली लिहिलं.

शिकवायला कुणी आलं नाही. शिकायला मात्र एक पोरगी आली.

नौशीन काझी तिचं नाव. परभणीची, वय अठ्ठावीस, भूकंपाच्या उजेडावरच डॉक्टर झालेली. स्कूटरवरून उतरली आणि पाणीसुद्धा न घेता म्हणाली, "ताई, तुमचं पत्र वाचलं. तारेचा उजेड कसा असतो तेवढं मला सांगा. ते कुठल्याच पुस्तकात नीट नाही."

मी सांगितलं. तार भांडते तेव्हा उजेड हिरवट निळा असतो, चटचट आवाज येतो, उजेड खांबापाशीच राहतो आणि झटक्यात मरतो. मागं जळका वास उरतो. डोंगरावरचा उजेड मी स्वतः पाहिला नव्हता, पण पाहणारे सांगत होते की आवाज अजिबात नव्हता आणि तो खालून वर चढला. नौशीननं दोन्ही गोष्टी शेजारीशेजारी लिहून घेतल्या. मग म्हणाली, "घरात खडीसाखर आहे का? आणि तुमची पकड द्या."

माजघराची दारं लावून आम्ही अंधार केला. सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते, कोपऱ्यात गुडघ्याला तेल चोळत बसल्या होत्या. नौशीननं पकडीत खडा धरला आणि दाबला. कट्ट आवाज झाला आणि पकडीच्या तोंडात निळसर ठिपका चमकून गेला. मी चौदा वर्षं ती पकड वापरते, तिच्यात असलं काही असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

"देवाची साखर हाय ती, फोडायलीस काय!" आत्याबाई ओरडल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "अजून एक फोड बरं."

आम्ही अर्धा पाव खडीसाखर फोडली.

"साखरेचं कारण वेगळं, दगडाचं वेगळं," नौशीन नंतर ओट्यावर सांगत होती. "आपल्या काळ्या पाषाणात ऑक्सिजनचे कण काही ठिकाणी जोडीजोडीनं अडकून बसलेले असतात. एरवी निवांत असतात. खोल जमिनीत दाब वाढला की त्या जोड्या तुटतात आणि विजेचा भार मोकळा होतो. तो दगडातून धावत वर येतो आणि डोंगराच्या कडांवर साठतो. तिथल्या हवेला तो सहन होत नाही, ती उजळते."

"म्हणजे डोंगर भूकंपाच्या आधीच दिवा लावतो?"

"असा अंदाज आहे, ताई. बहुतेक वेळा तो दिवा इतका मंद असतो की डोळ्यांना दिसतच नाही. माझ्या कॅमेऱ्याला दिसतो. पण एक घोळ आहे. तार धरणारा एखादा चिनी मातीचा इन्सुलेटर तडकला तर तिथली हवाही तशीच उजळते. कॅमेऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं. तारा चालू असतील तर मी आंधळी."

त्या एका घोळातून अंधाराचा तास निघाला, जिल्ह्याच्या ऑफिसनं तो मंजूर केला. रोज संध्याकाळी सात ते आठ, डोंगराभोवतीच्या अकरा गावांची वीज बंद. तेवढ्या वेळात गावात उभारलेल्या केंद्रातून नौशीनचं बॅटरीवरचं यंत्र डोंगर न्याहाळणार. उजेड दिसला आणि तो दहा मिनिटं टिकला तर गावात भोंगा वाजणार. आजवरच्या नोंदींप्रमाणे उजेडानंतर पाऊण तास ते तीन तासांत धक्का येतो. तेवढ्यात माणसं घराबाहेर पडली तर बास. कारण आमच्याकडे मारते ती धरती नाही, मारतं ते माळवद. लाकडी तुळयांवर दोन हात मातीचं छप्पर असतं. उन्हाळ्यात गार, पण अंगावर आलं की माणूस हाताला लागत नाही. गावातली निम्मी घरं अजून माळवदाची, आमचंसुद्धा.

आता विचार करा, रोज सातच्या ठोक्याला गावाची वीज कोण तोडणार? मी! मालिका सुरू व्हायच्या वेळी, भाकरी थापायच्या वेळी. लोक मला तोंडावर शिव्या द्यायचे. मी पण द्यायचे. तरी तास चालू राहिला, कारण खांबावरचा स्विच मी कुलूप लावून बंद करायचे आणि किल्ली माझ्या कमरेला असायची.

मला त्या तासाचं वेड लागलं होतं, खरं सांगते. काम उरकलं की मी नौशीनच्या केंद्रात जाऊन पडद्याकडे बघत बसायचे. काळ्या पडद्यावर डोंगराची रेघ, बाकी काही नाही. एखादा बारीक ठिपका लुकलुकला की दोघी पडद्याला नाक लावायचो. मुंजाजी चिडवायचे, "सिनेमा बघायला जायलीस का? हिरो कोण हाय?" त्यांची हळद पॉलिश करायची शेड आहे, डोंगराकडच्या शाखेच्या अगदी टोकाला. मोठ्या लोखंडी ड्रममध्ये वाळलेली हळद फिरवायची, साल निघते, वरून पाणी मारून रंग चढवायचा. हंगामात तो ड्रम थांबवायला लागणं त्यांना फार जड जायचं, पण बायकोच किल्ली घेऊन फिरते म्हटल्यावर कुणापाशी तक्रार करणार?

दोन वर्षं अशीच गेली. मग माघात भोंगा वाजला.

सात बारा वाजता पडद्यावर उजेड आला, सात एकतीसला गेला. भोंगा ऐकून अख्खं गाव शेतात पळालं. म्हातारी माणसं, बाळंतिणी, कोंबड्या, सगळं. कडाक्याची थंडी होती. रात्रभर माणसं गोधड्या पांघरून बसली आणि काही झालं नाही. पहाटे लोक उठले, गोधड्या झटकल्या आणि माझ्याकडे न बघता घरी गेले. सरपंच गंगाधररावांच्या आईला न्यूमोनिया झाला, महिनाभर दवाखान्यात होती. गावात पोरंसोरं मला बघितलं की "लांडगा आला रे" ओरडायची. जिल्ह्याच्या ऑफिसनं नियम काढला की यापुढं दोन केंद्रांना उजेड दिसल्याशिवाय भोंगा वाजणार नाही. दुसरं केंद्र चाळीस किलोमीटरवर, डोंगराच्या पलीकडं. नौशीन केंद्राच्या पायरीवर बसून रडली.

तिसऱ्या दिवशी तिनं मला फोटो दाखवले. उजेड डोंगरावर नव्हताच. आमच्या शाखेच्या तिसऱ्या खांबावर, तडकलेल्या इन्सुलेटरपाशी होता.

"पण तार तर बंद होती ना, ताई?"

"बंद होती. मीच त्या खांबावर होते. सातला उतरले."

बोलता बोलता मला शाखेच्या टोकाची आमची शेड आठवली. कुणाला न सांगता मी शेडवर गेले. जनरेटर लावताना बाहेरची तार तोडून घ्यायला एक चेंजओव्हर स्विच असतो. आमच्या शेडचा स्विच नुसता लोंबत होता, वायर सरळ जोडलेली होती. जनरेटरची चारशे चाळीस व्होल्टची वीज डीपीतून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमधून, उलटी गेली की वरच्या तारेवर अकरा हजार होते. मी कुलूप लावून मारलेली तार माझ्या नवऱ्यानं खालून जिवंत केली होती. बारा मिनिटं आधी ती तार माझ्या हातात होती.

"एक ड्रम अर्धा राहिला होता," मुंजाजी मान खाली घालून म्हणाले. "पाणी मारलेली हळद थांबली की डाग पडतेत. स्विच खराब हाय, दुरुस्त करणारच होतो. कुणाला सांगू नको. शेडला सील लागंल, तुझी नोकरी जाईल."

आपलेच दात, आपलेच ओठ. मी गप्प बसले. नौशीनला सांगितलं, बंद तारेतही ओलाव्यानं कधी थोडी वीज उरते. तिनं विश्वास ठेवला. तेच मला जास्त लागलं.

यानंतर सव्वीस दिवसांनी, फाल्गुनात, मी त्याच शाखेवर काम करत होते. सात वाजून गेले होते. तारेवर जमिनीची साखळी टाकलेली, म्हणजे कुणी खालून वीज सोडली तरी ती मातीतच जाणार. खांबाच्या अर्ध्यावर असताना माझ्या हातावर उजेड पडला.

मी वर बघितलं. डोंगराच्या खांद्यापाशी, झाडांच्या मागून, पांढुरका उजेड वर चढत होता. कडेला जरासा गुलाबी. आवाज नाही, वास नाही. वारा होता, पण तो हलत नव्हता. खालून कुणीतरी कंदिलाची वात हळूहळू मोठी करावी तसा वाढला, आणि दोन हात उंचीवर फाटून त्याचे गोळे झाले. गोळे कडेवरून सरकत गेले. मी भ्यायला हवं होतं. पण खोटं कशाला बोलू, मला इतका आनंद झाला की मी खांबाला मिठी मारून तशीच बघत राहिले. सव्वीस महिने ज्याच्यासाठी शिव्या खाल्ल्या, तो हा! अकरा मिनिटं तो राहिला आणि विझला.

मग मला घरातलं माळवद आठवलं.

खाली उतरून आधी तार तपासली. मेलेली. मुंजाजींना फोन लावला. "जनरेटर चालू हाय का? देवाची शपथ घेऊन सांगा." ते म्हणाले, "अगं मी घरी हाय, चहा पियालो. शेडला कुलूप हाय." नौशीनला फोन लावला.

"मी पण पाहिला, ताई! पण पलीकडच्या केंद्रावर ढग आहेत, त्यांना काही दिसत नाही. भोंगा माझ्या हातात नाही. मी ऑफिसला फोनवर फोन लावते आहे."

मी पळत सरपंचांच्या ओट्यावर गेले. गंगाधरराव हातपंख्यानं वारा घेत बसले होते.

"सरपंच, माणसं बाहेर काढा. डोंगर उजळला."

"भोंगा वाजला का?"

"नाही."

"मंग? माझी माय मरता मरता वाचली, लाईनबाई. लोकांना काय सांगू म्या? मागच्या बारीला चूक कशानं झाली ते तरी कळलं का कुणाला? तुला कळलं का?"

मला कळलं होतं.

गावाच्या मधोमध हळद वाळवायचं मोठं खळं आहे. चारी बाजूंनी मोकळं, जवळ भिंत नाही. मी तिथं गेले, हळद शिजवायच्या पालथ्या कढईवर चढले आणि ओरडले, "मागचा भोंगा कशानं वाजला ते ऐका! माझ्या नवऱ्यानं वाजवला! बंद तारेत जनरेटरची वीज सोडली, म्हणून वाजला! मला ठाऊक होतं आणि मी लपवलं!"

मला वाटलं होतं, एवढं सांगितलं की लोक विश्वास ठेवतील आणि आजच्या उजेडाचं ऐकतील. कसचं काय! पण दुसरंच काहीतरी झालं. आजूबाजूची दारं उघडली. पहिल्यांदा दोन बायका पदर खोचत बाहेर आल्या, मग पाच, मग पंधरा. घरात टीव्ही बंद, पंखे बंद, अंधार. आणि बाहेर लाईनबाई आपल्या नवऱ्याचं नाव घेऊन बोंबलतेय. भूकंपाला जे गाव बाहेर आलं नसतं, ते भांडणाला आलं.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख पडलं. उजेडाचा एक शब्द मी पुन्हा काढला नाही. त्याऐवजी मुंजाजीचा उद्धार सुरू केला.

मुंजाजी आले ते लालबुंद होऊन. "काय बोलायलीस? येड लागलं का? घरी चल आधी!"

"नाही येत!" मी ओरडले. "तू आधी सांग गावाला, वायर कुणी जोडली!"

लग्न झाल्यापासून मी त्यांना कधी 'तू' म्हटलं नव्हतं. ते ऐकून कुणीतरी घराकडं पळालं, राहिलेल्यांना बोलवायला.

मुंजाजींनी माझ्या दंडाला धरलं. मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं. "डोंगर उजळला. धक्का येणार. लोक आत जाऊ नयेत." त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांनी उजेड पाहिला नव्हता, त्या उजेडावर त्यांचा विश्वासही नव्हता. माझा दंड अजून त्यांच्या मुठीत होता. त्यांनी तो झटकून दिला आणि गर्रकन गावाकडं वळले.

"हाव, म्या जोडली वायर!" ते गरजले. "अन् कामून जोडली ते बी ऐका! ह्या बाईला नवऱ्यापेक्षा डोंगर प्यारा हाय!"

तिथून जे भांडण पेटलं, त्याला तोड नाही. त्यांनी माझ्या माहेरचं काढलं, मी त्यांच्या बहिणीच्या लग्नातलं काढलं. आत्याबाई, ज्यांना उठवायला एरवी दोन माणसं लागतात, काठी टेकत तरातरा आल्या, कारण सून आपल्या लेकाला अरेतुरे करतेय हे त्यांना पाच घरं पलीकडून ऐकू गेलं होतं. "माझ्या पोराला बोलतीस, भवाने!" त्यांनी काठी उगारली. मी मनात म्हटलं, उगारा आत्याबाई, पण इथंच बसा. तुळसाबाई सहा महिन्यांपासून खाटेवर होती. तिच्या नातवांनी खाटेसकट तिला उचलून आणली, कारण तिला नीट ऐकू येत नव्हतं आणि ती सारखी विचारत होती, काय म्हणाली, काय म्हणाली?

आठ वाजले. लोक ओरडले, "लाईनबाई, लाईट सोड!"

"सोडत नाही!" मी किल्ली वर धरून दाखवली. "आधी ह्या माणसाचा निकाल लावा, मग लाईट!"

सरपंचांना यावंच लागलं. मधे बसून ते निवाडा करायला लागले. साडेआठ झाले. भांडण कितीही चांगलं असलं तरी किती ताणणार? तेच तेच मुद्दे यायला लागले. बायका म्हणाल्या, भाकरी व्हायच्यात. माणसं उठून कपडे झटकायला लागली. दोन घरचे लोक गेलेसुद्धा. माझा घसा बसला होता, नवीन काही सुचेना. मी मुंजाजींकडं बघितलं.

ते खळ्याच्या मधे आले. आवाज अजिबात चढवला नाही.

"एक राहिलंच सांगायचं," ते म्हणाले. "त्या सांजेला ही खांबावर होती, तरी म्या वीज सोडली. मला ठाऊक होतं."

निघालेली माणसं जागेवर थांबली. गेलेली दोन घरं परत आली. आत्याबाईंची काठी खाली पडली. भांडण चालू ठेवायचं होतं, तेही मी विसरले. मी नुसती त्यांच्या तोंडाकडं बघत उभी राहिले. ते माझ्याकडं बघत नव्हते. "मुंजाजी," सरपंच हळू आवाजात म्हणाले, "काय बोलायलास तू?"

तेव्हा खालून आवाज आला.

नेहमीची गडगड, पण ती थांबलीच नाही. कढई माझ्या पायाशी वाजायला लागली. मग जमीन बाजूला सरकली, परत आली, परत सरकली. माणसं बसली, पडली, एकमेकांना धरून राहिली. पहिलं माळवद सरपंचांचं आलं. मोठा धप्प आवाज, आणि मग एकामागोमाग एक. धुळीचा लोट खळ्यावर आला. बारा सेकंद, नौशीननं नंतर सांगितलं. मला विचाराल तर घटका गेली.

धूळ बसल्यावर सरपंचांनी घरवार नावं पुकारली. प्रत्येक नावाला ओ आली. तुळसाबाईची नातवानं दिली. चौतीस माळवदं पडली, त्यात आमचंही, दोन शेळ्या आणि एक वासरू गेलं. माणूस एकही नाही. लोक रडत होते आणि मला मिठ्या मारत होते, आणि मी कुणाच्या तरी खांद्यावरून मुंजाजींना शोधत होते. ते आत्याबाईंना पाणी पाजत बसले होते.

दुसऱ्या दिवशी नौशीन सरकारी फॉर्म घेऊन आली. रकाने छापलेले होते. पूर्वसूचना मिळाली का? नाही. भोंगा? नाही. दवंडी? नाही. लोक घराबाहेर असण्याचे कारण? ती पेन धरून माझ्याकडं बघत राहिली.

"लिही, कौटुंबिक वाद," मी म्हणाले.

ती हसली. मग मी तिला माघातलं सगळं सांगितलं, तेव्हा तिचं हसू गेलं. मग म्हणाली, "ताई, त्या दिवशी तुम्ही खरं सांगितलं असतं तर दोन केंद्रांचा नियम मागं घेतला गेला असता. काल भोंगा वाजला असता." तिचं बरोबर होतं. शेडच्या विरोधातली तक्रार मी स्वतःच्या हातानं लिहिली, खाली माझी चूकही लिहिली. शेडला सील लागलं. माझी चौकशी अजून चालू आहे.

आम्ही गावाबाहेर ताडपत्रीखाली राहत होतो. मुंजाजी आणि मी तीन दिवस कामापुरतं बोललो. गाव मला म्हणत होतं, "अगं लोक थांबावेत म्हणून तसं बोलला मुंजाजी, काय डोकं चालवलं!" असेलही. डोंगरावरचा उजेड खरा की तारेवरचा, ते मी साखळी टाकून तपासू शकते. ह्या माणसाचं कसं तपासू? चौथ्या दिवशी संध्याकाळी मी सरळ विचारलं.

"तुम्हाला ठाऊक होतं का, त्या संध्याकाळी मी खांबावर होते ते?"

"नाही," ते म्हणाले. "लोक निघाले होते. काहीतरी मोठं बोलणं भाग होतं."

"मग कुठं वाटलं होतं मी असेन?"

त्यांनी चुलीतलं लाकूड उगाच पुढं सारलं.

"काहीच वाटलं नव्हतं," ते शेवटी म्हणाले. "हळदीला डाग पडतील एवढाच इचार होता. तुझा आलाच नाही, दैवशाला."

मला खूप राग आला. ठाऊक होतं म्हणाले असते तर मी घर सोडून गेले असते, ते सोपं होतं. हे ऐकून कुठं जाणार? मी उठले, खांबावर चढायचा पट्टा बांधला आणि तारा जोडायच्या कामाला निघाले. अर्धं गाव अजून अंधारात होतं. ज्यांच्याकडं जनरेटर होते त्यांनी ते चालू केले होते, चार दिशांनी धडधड ऐकू येत होती.

सातला मी खांबापाशी पोचले, स्विच पाडला, कुलूप लावलं. साखळी टाकायला वर बघितलं आणि लक्षात आलं की धडधड थांबली आहे. एकामागोमाग एक सगळे जनरेटर बंद झाले होते. थोड्या वेळानं मुंजाजी खताचं रिकामं पोतं खांद्यावर टाकून चालत आले. पोतं त्यांनी माझ्या पायाशी ठेवलं. आत गावातल्या नऊही जनरेटरची हँडलं आणि किल्ल्या होत्या, प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली. घरोघर फिरून गोळा केल्या होत्या. मग ते खांबाला पाठ टेकून खाली बसले.

मी मोजून बघितल्या. नऊ होत्या.

"उद्याबी आणा," मी म्हणाले, आणि खांबावर चढले.